डांगरावरची भुरी

“कुणीतरी शिवलंय याला,” कुंदाकाकू म्हणाल्या, आणि मी मोरीच्या दारात दात घासत होते ती तशीच थांबले, तोंडात फेस घेऊन.

कुंदाकाकू म्हणजे आमच्या शेजारीण. त्यांच्या परसातनं मधल्या भिंतीवर कोपर टेकून त्या आमच्या परसात बघत होत्या. आई वेलापाशी उकिडवी बसलेली, हातात एक पान. पानावर पांढरं पांढरं, भाकऱ्या थापता थापता कुणी पिठाचे हात झटकावेत तसं. एकच पान नाही, बुडाकडची बरीचशी तशीच.

“परवा एवढं नव्हतं,” आई म्हणाली.

“तेच तर म्हणते. असं एकदम येतं का? अडचणीतल्या बाईचा हात लागला ना, की वेल असाच पांढरा पडतो आणि मग जळतो. माझ्या सासूबाईंचा दोडका गेला होता असाच. तुमच्या त्या भांडीवालीला विचारलंत का?”

“ती परसात येतच नाही.”

“मग सावली पडली असेल कुणाची तरी.”

आणि मला माहीत होतं कुणाची. सावली नव्हे, हात. माझे. दोन्ही.

थांबा, नीट सांगते. मी तेव्हा नववीत. आम्ही साखर कारखान्याच्या कॉलनीत राहायचो, नगर जिल्ह्यात. एकसारखी घरं, प्रत्येकाच्या मागे खाटेएवढं परस. आमच्या त्या खाटेएवढ्या परसात आईचा डांगराचा वेल. डांगर म्हणजे लाल भोपळा हो, आमच्याकडे डांगरच म्हणतात. अक्षय्य तृतीयेला आळं करायची, बी टोचायची, वेल वर आला की न्हाणीच्या पत्र्यावर चढवायची. आणि त्या वेलाचा मान काय, तर ऋषिपंचमी. त्या दिवशी उपास करणाऱ्या बायकांना बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं. नांगरलेल्या रानातलं काही चालत नाही, हातानं खणून लावलेलंच पाहिजे. मग बाजारातला भोपळा बाद. आमच्या रांगेतल्या सहा घरांची ऋषीची भाजी आईच्या डांगरावर अवलंबून. गणपती जवळ आले की बायका भिंतीवरून विचारायच्या, “काय म्हणतंय आमचं डांगर?” आमचं म्हणायच्या हां, तुमचं नाही.

आणि त्या वर्षी वेलावर फळ किती, तर एक. पाऊस इतका लागून राहिला होता की मधमाशी म्हणून दिसत नव्हती. तीन कोवळ्या गाठी पिवळ्या पडून गळाल्या. चौथी धरली ती माझ्यामुळे.

झालं काय, आई दोन दिवस राहुरीला गेलेली, मामीचं डोहाळजेवण होतं. आणि माझी पाळी आलेली. आमच्याकडे अगदी कोपऱ्यात बसा, वेगळं ताट घ्या, असलं काही नव्हतं. देवाला नाही, लोणच्याच्या बरणीला नाही, आणि वेलाला नाही. तीनच नियम. सकाळी मी मागचं दार उघडलं तर पत्र्यावर गाठीचं फूल उमललेलं. आई तसंच म्हणायची, गाठीचं फूल आणि नुसतं फूल. गाठीच्या फुलाखाली पिटुकलं डांगर असतं. नुसतं फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढायच्या आणि आतली पिवळी दांडी गाठीच्या फुलात हलकेच घासायची, की फळ धरतं. मधमाशीचं काम आपण करायचं. मग फूल मिटवून वरून दोरा बांधायचा, पावसाचं पाणी आत जायला नको. आईनं मला चारदा दाखवलं होतं.

आणि ते फूल एकच सकाळ टिकतं. दहा वाजले की मिटलं, संपलं. आई संध्याकाळी येणार होती.

मी अर्धा तास दारात उभी. अण्णांना सांगावं तर अण्णा, म्हणजे माझे वडील, रात्रपाळी करून झोपलेले. त्यांना कोथिंबीर कुठली आणि मेथी कुठली कळायचं नाही, ते काय फुलाची गाठ ओळखणार. शेवटी बादली पालथी घातली, चढले, आणि घासलं. दोरा सापडेना म्हणून वेणीचं लाल रबर काढून फुलाला गुंडाळलं. मग हात तीनदा साबणानं धुतले, जसं काही त्यानं काही होणार होतं.

आई आली. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी माझं लाल रबर आरशाच्या खिळ्याला लटकलेलं दिसलं. मला वाटलं, दुसरं असेल. माझ्याकडे तशी चार होती. गाठ मात्र धरली. लिंबाएवढी झाली, मग पेरूएवढी. आई रोज येऊन बघायची आणि गप्प परत जायची. मी म्हटलं, वाचलो.

आणि दहा-बारा दिवसांनी हे पांढरं.

तर तोंडात फेस घेऊन मी उभी, आणि कुंदाकाकू म्हणतायत, “उपटून टाका ताई. असल्या वेलाचं फळ ऋषींच्या भाजीत कसं चालेल? आपण उपास कशाचा करतो, काय शिवलं-सवरलं असेल त्याचा. आणि भाजीत हेच डांगर?”

बरं, कुंदाकाकू वाईट नव्हत्या हं. माझ्या गोवरात त्यांनी आठ रात्री जागून काढल्या होत्या, आईला ताप होता म्हणून. त्यामुळे त्या बोलल्या की ते जास्तच खरं वाटायचं.

आई पान उलटंसुलटं करत म्हणाली, “रविवारपर्यंत बघू. नाहीतर टाकू उपटून.”

रविवारला चार दिवस होते. मला जेवण जाईना. शाळेतून आले की आधी परसात. पांढरं वाढतंच होतं, खालून वर, खालून वर. शुक्रवारी पहाटे मी उठले आणि म्हटलं, जी पानं पांढरी दिसतील ती तोडून टाकू, आईला दिसायलाच नकोत. हात लावला नाही हं, कात्रीनं. अंधारात जी सात पानं पांढरी दिसली ती कापून कॉलनीच्या कचराकुंडीत टाकून आले. सकाळी बघते तर वेल आणखीनच केविलवाणा.

शनिवारी दुपारी निनाद आला. माझा मोठा भाऊ, राहुरीला कृषी पदविका करत होता, हॉस्टेलवर राहायचा. तो घरी यायचा फक्त कपडे धुवायला. दारातून आधी मळक्या कपड्यांची बॅग आत यायची आणि मग तो. त्या दिवशी हात हलवत आला.

“कपडे कुठायत?” मी विचारलं.

“धुतले.”

“तू?”

“मग काय, तू येऊन धुणार? काय गं, तोंड का असं डांगरासारखं झालंय?”

झालं. तो डांगर म्हणाला आणि माझ्या डोळ्यात पाणी. तो घाबरलाच. मला घेऊन परसात आला. आई आत चहा ठेवत होती. खिडकी उघडी होती, स्वयंपाकघराची, अगदी वेलाच्या डोक्यावर.

त्यानं वेलाभोवती एक चक्कर मारली, प्राध्यापकासारखी. मग एक पान धरलं आणि अंगठ्यानं घासलं. अंगठा पांढरा झाला, पान हिरवं.

“भुरी,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“बुरशी. पिठासारखी असते, पुसली की निघते. आधी पानाच्या वरच्या बाजूला येते, मग खालच्याही. केवडा म्हणून रोग असतो, तो वेगळा. त्यात पानाला पिवळे चौकोन पडतात आणि ते पुसून जात नाहीत.”

“तुला नक्की माहितीय? तुझा तो पेपर राहिलाय ना, रोगांचा?”

“तो का राहिला? पेपरात केवडा विचारला होता आणि मी भुरी लिहून आलो. दोन पानं. त्यामुळे भुरी मला तोंडपाठ आहे.” मग त्यानं दुसरं पान धरलं, शेंड्याकडचं, शिरांच्या कडेनं चंदेरी चट्टे असलेलं. “हे घास.”

मी हात मागे घेतला. तेव्हा माझं काही नव्हतं चालू, तरीही.

“घास की.”

घासलं. काही निघेना.

“हे त्याचं स्वतःचं आहे. जन्मापासूनचं. आपल्या अण्णांच्या मानेवर डाग आहे ना, तसं. याला काही झालेलं नाही.” मग त्याला तिथंच शेंड्याकडे कापलेले सात देठ दिसले. “ही कुणी तोडली?”

“मी.”

“देठाच्या आसपासची बाकीची सगळी चंदेरीच आहेत. सात निरोगी पानं कापलीस बाई तू. आजारी सगळी ठेवलीस. परीक्षेत तुला माझ्याहून कमी पडतील.”

मला हसू आलं आणि रडूही. मी वेलाकडे बघत विचारलं, “दादा, हे हातानं होतं का? म्हणजे कुणी हात लावला तर?”

“हवेतनं येतं ते. दमट हवा, गर्दी, सावली. बघ ना, किती दाटी झालीय, वारा कुठनं जाणार आत?”

“पण हात लावला तर?”

“कुणाच्या हातानं?”

तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मग त्याच्या लक्षात आलं, कारण त्याचे कान लाल झाले. आम्ही दोघं आयुष्यात कधी या विषयावर एक शब्द बोललो नव्हतो. त्यानं खाली बसून उगाच एक तण उपटलं. मग दुसरं.

“आमच्या वर्गात सोळा पोरी आहेत,” तो तणाला म्हणाला. “रोज सकाळी भाजीपाल्याच्या प्लॉटवर असतात. काकडी, कारली, डांगर, सगळं. वर्षभर. महिन्याचे तीसही दिवस. त्यांना काय प्लॉट सुट्टी देतो का? आणि त्यांच्या वाफ्यातलं पीक आमच्यापेक्षा चांगलं येतं, म्हणून सर आम्हाला शिव्या घालतात.”

वर खिडकीत कपबशी वाजली.

“कुणाच्याही हातानं नाही,” तो म्हणाला. “कधीही नाही. कळलं?”

मग तो एकदम साहेब झाला. जास्त पांढरी झालेली पानं कापायला लावली, उकिरड्यावर टाकू दिली नाहीत, तिथून बुरशी परत उडून येईल म्हणे, पिशवीत बांधून लांब टाकायची. दोन आडव्या फांद्या छाटल्या, तण काढलं. आईला म्हणाला, “आई, तू रोज संध्याकाळी पाइपनं याला डोक्यावरून आंघोळ घालतेस ना?”

“धूळ बसते त्याच्यावर,” आई म्हणाली.

“मग रात्रभर ओल्या अंगानं बसतो तो. सकाळी घाल, बुडाशी.”

“एवढा शहाणा आहेस तर पास का होत नाहीस?”

आणि औषध काय, तर ताक. आंबट ताक, एक वाटीला नऊ वाट्या पाणी, फडक्यातून गाळून, इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली असते ना, त्यात भरायचं आणि सकाळी पानांच्या दोन्ही बाजूंना मारायचं. दर पाचव्या दिवशी. त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेननं गोल केले. “आणि हे रसूनं मारायचं,” तो म्हणाला, रसू म्हणजे मी, “आईनं नाही. आई बुडाला मारत बसेल.”

रविवार आला. वेल उपटला नाही. कुंदाकाकू भिंतीवरून म्हणाल्या, “ताकानं काय होणार? उद्या साखर घालाल.” आई म्हणाली, “मुलगा शिकतोय, करू दे त्याला.” पहिला गोल झाला, दुसरा झाला. जुनी पानं सुधारली नाहीत, पण नवी येत होती ती हिरवी. तिसऱ्या गोलाला फळ माझ्या डोक्याएवढं झालं होतं आणि त्याच्याखाली आईनं जुन्या पातळाची चुंबळ ठेवली होती, पत्रा तापून चटका बसू नये म्हणून.

आणि चौथा गोल.

आमच्या कॅलेंडरवर आणखी एक खूण असायची. आई पेन्सिलनं बारीक टिंब करायची, महिन्यातून एकदा, माझ्यासाठी. कुणाला दिसायचं नाही इतकं बारीक. चौथा लाल गोल होता ना, त्याच्या आत ते टिंब होतं. आणि तारखेच्या बाबतीत आम्ही इतके पक्के की त्या दिवशी सकाळी पाळी बरोब्बर आली.

मी मागच्या पायरीवर बसून राहिले, गुडघे पोटाशी घेऊन. दादानं सांगितलं होतं ते सगळं पाठ होतं. सोळा पोरी, तीसही दिवस. पण तिकडे भिंतीपलीकडे कुंदाकाकू कपडे वाळत घालत होत्या, आणि पत्र्यावर ते एकुलतं एक डांगर, आणि ऋषिपंचमीला तीनच आठवडे. चुकून काही झालं असतं तर?

आई बाहेर आली. हातात बाटली, ताक भरून. माझ्या शेजारी पायरीवर ठेवली.

“मार,” म्हणाली.

“आई, तूच मार ना आज.”

“का?”

“अगं आज माझं...”

“मला माहितीय आज काय आहे. टिंब कोण करतं?” ती माझ्याशेजारी बसली. आवाज एकदम खाली आणला. “मागच्या वेळी कुठं मला विचारलं होतंस?”

मी तिच्याकडे बघूच शकले नाही.

“फुलाला दोरा बांधायचा असतो. रबर नाही. रबर काचतं. ते काढताना माझ्या हातनं पाकळी फाटली.”

“तुला तेव्हापासून माहिती होतं?”

“मग काय, मधमाशी वेण्या घालते?”

“मग बोलली का नाहीस?”

तिनं वर डांगराकडे बघितलं. “पहिले दोन दिवस मी घाबरलेच होते. म्हटलं आता पडतंय काळं, मग पडतंय. रोज जाऊन बघत होते. नाही पडलं. धरलं. आता धरल्यावर काय बोलायचं?”

“आणि पानं पांढरी झाली तेव्हा?”

“तेव्हा वाटलं,” ती म्हणाली. खरं सांगून टाकलं तिनं. “कुंदा बोलली तेव्हा मलाही वाटलं. आणि तुझा चेहरा बघितला. तू दोन दिवस धड जेवली नाहीस. मग म्हटलं आपल्याला तरी काय ठाऊक आहे. निनादला फोन केला. म्हटलं, तू ये आणि काय झालंय ते बघ, आणि काय असेल ते तिच्यासमोर सांग. मी खिडकीत असेन.”

म्हणून कपड्यांची बॅग नव्हती.

मी काहीतरी बोलणार होते, पण तिनं बाटली माझ्या हातात कोंबली. “ऊन चढायच्या आत मार. आणि पानांच्या खालून पण.”

मी बादली पालथी घातली आणि चढले. ताक निम्मं माझ्याच नाकावर उडालं. भिंतीपलीकडून कुंदाकाकूंनी मान वर केली. त्यांचीही नजर पक्की हो, माझ्या तोंडाकडे बघूनच बहुतेक कळलं त्यांना, कारण चिमटा हातात तसाच राहिला. त्या आईकडे बघायला लागल्या.

“ताई, अहो ही...”

“हो,” आई म्हणाली. “तीच मारते. मला पत्र्यापर्यंत हात पुरत नाही.”

आईचा हात पुरायचा. माझ्यापेक्षा चार बोटं उंच होती ती. कुंदाकाकूंना ते माहीत होतं, सतरा वर्षं शेजारी राहत होत्या. त्यांनी वाकून दुसरं पातळ पिळलं आणि झटकलं.

ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी डांगर उतरवलं. निनाद आला, यावेळी कपड्यांची बॅग घेऊन. तो रोगांचा पेपर त्याला पुन्हा द्यायचा होता आणि यंदा नेमकी भुरी येईल अशी त्याला भीती होती, कारण आता त्यानं केवडा पाठ केला होता. पहिला वार पुरुषानं करायचा म्हणून विळी त्याच्यापुढे ठेवली. आत केशरी रंग, असा की अण्णासुद्धा पेपर खाली ठेवून बघायला आले. सहा घरांच्या सहा फोडी झाल्या. आईनं एक आमची ठेवली, चार वाटल्या, आणि सहाव्या फोडीच्या वेळी मला म्हणाली, “कुंदाकाकूंना तू देऊन ये.”

मी गेले. म्हटलं, घेतील की नाही. दारात उभी राहिले ताट घेऊन. त्यांनी फोडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“बिया ठेवल्यात का गं आईनं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मला चार सांग ठेवायला. पुढच्या वर्षी आमच्या परसात लावीन म्हणते.” आणि फोड आत घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या बायका आपापली भाजी घेऊन आमच्याच घरी जेवायला. पानावर ऋषीची भाजी, वाफा निघतायत. मला उपास नव्हता तरी आईनं मला त्यांच्याच पंगतीत बसवलं आणि डांगराची सगळ्यात मोठी फोड माझ्या ताटात वाढली. रांगेतल्या शेवटच्या घरच्या बाई म्हणाल्या, “यंदा फार गोड निघालं हो डांगर. काय घातलंत काय एवढं?”

मी खाली मान घालून. कुंदाकाकू घास चावत होत्या, त्यांनी वर बघितलं नाही.

“काही नाही,” आई वाढता वाढता म्हणाली. “वेळेवर हात लागला, एवढंच.”